बरोबरीतली शेवटची चढाई

फलकावर दोन्हीकडे सारखे गुण, घड्याळात जेमतेम एक मिनिट, आणि चढाई आपली. कबड्डी खेळलेल्या कुणालाही विचारा, हे मिनिट फार लांब असतं. कोण जाणार, हा प्रश्न तेव्हा अख्ख्या मैदानाला पडलेला असतो. उत्तर मात्र एकाच माणसाला द्यायचं असतं. मी बरीच वर्षं डाव्या कोपऱ्यात खेळले, आता भांडुपच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना शिकवते. माझा भाचा मुलुंडला बास्केटबॉल खेळतो. त्याच्याकडे हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो: सामना बरोबरीत, काही सेकंद उरलेले, शेवटचा शॉट कोणी घ्यायचा? तो घरी आला की या विषयावर आमची जेवणं थंड होतात. त्याच्याशी वाद घालता घालता मला माझ्याच खेळातलं जे उमगत गेलं, ते इथे लिहिते आहे.

१. आमच्याकडे फसलेल्या चढाईची किंमत जागच्या जागी मोजावी लागते. भाच्याच्या खेळात बरोबरी असताना शेवटचा शॉट हुकला तर पाच मिनिटांचा जादा वेळ मिळतो. म्हणून ते चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत आपल्याकडे ठेवतात. बास्केट झाली तर जिंकले, नाही झाली तर अजून खेळ शिल्लक. चढाईचं तसं नाही. आत गेलेली मुलगी पकडली गेली की गुण सरळ समोरच्यांचा. एकाच दमात ती सामना जिंकूनही देऊ शकते आणि घालवूनही. नियम म्हणून हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण भाच्याने एकदा विचारलं, "मावशी, आम्ही सगळ्यात चांगला शूटर बघतो. तुम्ही काय बघता?" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "परत येणारी." मग मीच त्यावर बराच वेळ विचार करत राहिले. आत घुसणाऱ्या मुली प्रत्येक संघात असतात. पण बचावाची साखळी अंगावर येत असताना, घशात दम संपत आलेला असताना, मध्यरेषा पाठीमागे किती पावलांवर आहे हे न बघता जिला कळतं, अशी एखादीच.

२. हवी ती मुलगी नेमकी बाकावर असते. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि बाहेरून बघणाऱ्याच्या सहसा लक्षात न येणारं. बास्केटबॉलमध्ये टाइम-आउट घेऊन प्रशिक्षक हवा तो खेळाडू मैदानात आणू शकतो. आमच्याकडे बाद झालेली मुलगी बाहेर बसते. तिच्या जागी दुसरी पाठवता येत नाही. आपण समोरची एखादी बाद केली की ज्या क्रमाने आपल्या मुली बाहेर गेल्या, त्याच क्रमाने एकेक आत येते. सर्वांत भरवशाची चढाईपटू सर्वांत जास्त वेळा आत जाते, म्हणून सर्वांत जास्त वेळा पकडलीही तीच जाते. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला सातजणींतून निवड करायची चैन क्वचितच मिळते. चौघी उरलेल्या असतात, कधी तिघी, आणि त्यांतल्या दोघी कायम कोपरा आणि कव्हर सांभाळणाऱ्या.

म्हणूनच मला आता ठामपणे वाटतं की शेवटची चढाई कोणाची, हा निर्णय त्या मिनिटाला होतच नाही. सरावात कोणाला किती चढाया मिळाल्या, तिथेच तो होऊन गेलेला असतो. बहुतेक मैदानांवर सराव सामना सुरू झाला की त्याच दोन-तीन मुली आत जात राहतात. त्या चांगल्या आहेत म्हणून जातात आणि जातात म्हणून आणखी चांगल्या होतात. बाकीच्या मुली पकडीच करत राहतात. मग एखाद्या रात्री स्पर्धेत तीन मुली मैदानात उरतात आणि आपण एका उजव्या कव्हरकडे बघून म्हणतो, "जा." तिच्याकडे पकडीची ताकद असते, हिंमत असते, पण बोनस रेषेपाशी मागचा पाय कसा उचलायचा हे तिच्या पायांना माहीत नसतं. माझ्याकडे आता सरावाच्या शेवटची दहा मिनिटं फक्त अशा मुलींची असतात. मुख्य चढाईपटू तेव्हा बाहेर बसून बघतात. सुरुवातीला त्यांना ते रुचत नाही. पुढे त्याच जास्त सल्ले द्यायला लागतात.

३. घड्याळ मोजता येणं ही चढाईइतकीच मोठी विद्या आहे. एका चढाईला तीस सेकंद. बरोबरी असताना सत्तर सेकंद उरले असतील आणि चढाई आपली असेल, तर आपली मुलगी तीस सेकंद काढून परत येईल, समोरची तीस काढेल, आणि शेवटची चढाई पुन्हा आपल्याकडे येईल. चाळीसच सेकंद उरले असतील आणि आपण निवांत खेळलो, तर शेवटची चढाई त्यांची. वेळ संपण्याआधी सुरू झालेली चढाई पूर्ण होऊ देतात, म्हणजे त्यांना भरपूर अवकाश. अशा वेळी 'कोण जाणार' यापेक्षा 'कोण अडवणार' हा प्रश्न मोठा होतो.

त्यात तिसऱ्या चढाईचा हिशेब. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. आम्ही खेळायचो तेव्हा हा नियम नव्हता. शेवटची मिनिटं रिकाम्या चढायांवर काढता यायची आणि प्रेक्षक कंटाळायचे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आल्यावर 'डू ऑर डाय' हा शब्द घरोघरी गेला, आता गल्लीतली पोरंही बोटांवर चढाया मोजतात. मला हा नियम आवडतो. पण त्याने झालंय असं की शेवटच्या चढाईची निवड तीन चढाया आधीपासून सुरू होते. पहिली रिकामी कोण काढणार, दुसरी कोण, आणि तिसरीला ताज्या दमाची कोण उरणार.

४. सर्वाधिक गुण घेणारीवर सर्वाधिक नजरा असतात. कोपऱ्यात उभी राहणारी मुलगी हे छातीठोकपणे सांगू शकते. समोरची मुख्य चढाईपटू आली की मला बरं वाटायचं, कारण सामनाभर मी तिलाच वाचत असायची. ती उजवीकडे झुकण्याआधी डावी टाच किंचित उचलते, दम कमी झाला की तिचा उच्चार घाईचा होतो, बोनस घ्यायचा असला की आधी एकदा रेषेकडे बघते. सामन्याच्या शेवटापर्यंत तिचं बरंचसं पुस्तक वाचून झालेलं असायचं. भीती वाटायची ती दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीची. तिची टाच मी पाहिलेलीच नसायची.

भाच्याने मला यावर १९९७ची एनबीए अंतिम मालिका दाखवली. सहावा सामना, शिकागो बुल्स आणि युटा जॅझ, ८६-८६ अशी बरोबरी. शेवटचा शॉट मायकेल जॉर्डन घेणार, यावर जगात कुणालाच शंका नव्हती. त्या रात्री त्याचे ३९ गुण झाले. म्हणूनच युटाचा दुसरा खेळाडूही त्याच्यावर धावून गेला, आणि जॉर्डनने मोकळ्या उभ्या असलेल्या स्टीव्ह करकडे चेंडू दिला. करने पाच सेकंद बाकी असताना बास्केट केली आणि शिकागोने ९०-८६ असा सामना आणि विजेतेपद जिंकलं. मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मला करपेक्षा जॉर्डन मोठा वाटला. सगळं स्टेडियम ज्याच्याकडे बघतंय त्याने दुसऱ्याकडे बघावं, हे सोपं नाही. कबड्डीत आत गेल्यावर कुणाकडे चेंडू देता येत नाही. पण मध्यरेषेवर उभी असलेली आमची सर्वांत चांगली चढाईपटू मागे सरून दुसरीच्या पाठीवर हात ठेवू शकते. असं करणारी मुलगी मला भेटली आहे. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

५. कोण मागतंय, यावरून फारसं काही कळत नाही. "ताई, मी जाते" असं म्हणणाऱ्या मुली दोन तऱ्हेच्या असतात. एकीला खरंच जायचं असतं. दुसरीला थांबणं सहन होत नसतं. काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे, म्हणून ती मागते. दोघींचा आवाज सारखाच, डोळेही सारखेच चमकतात. पायांकडे बघितलं तर थोडा फरक कळतो. घाईतली मुलगी सतत पाय बदलत उभी राहते.

कन्नमवारनगरातल्या एका स्पर्धेत उपांत्य सामन्यात बरोबरी होती आणि आमची तिसरी चढाई. दोघींनी हात वर केले. सात नंबरची मुलगी मात्र खाली वाकून हातांना माती चोळत होती आणि समोर बघत होती. मी विचारलं, "काय बघतेस?" ती म्हणाली, "त्यांच्या उजव्या कोपऱ्याचा पाय मागे येत नाहीये ताई. मघाशी पडली तेव्हापासून." एवढंच. जायचं की नाही, त्याबद्दल अक्षर नाही. मी तिला पाठवलं. ती आत गेली आणि पहिले दहा सेकंद काहीच केलं नाही, नुसती मधोमध दम घुमवत राहिली. मग बोनस घ्यायला निघाल्यासारखं डावं पाऊल टाकलं. उजवा कोपरा घोट्यासाठी झेपावला. झेप चांगली होती, पण परतताना तो दुखरा पाय अर्धा क्षण उशिरा आला. तेवढ्यात सात नंबरने खांद्यावर बोटं टेकवली आणि वळली. परत येताना ती धावली नाही, तीन लांब पावलांत रेषा ओलांडली. मी इतकी वर्षं कोपऱ्यात खेळलेली बाई, बाहेरून पूर्ण डाव बघत होते, आणि त्या मुलीचा तो पाय मला दिसला नव्हता. तेव्हापासून टाइम-आउटच्या अर्ध्या मिनिटात मी आधी मुलींना विचारते, "काय दिसतंय?" सूचना नंतर.

६. रिकाम्या हाताने परत येण्यालाही मोठी हिंमत लागते. बरोबरी राखायची आहे, चढाई पहिली किंवा दुसरी आहे, समोर सहा-सात जणी ताज्यातवान्या उभ्या आहेत, तर आत जाऊन दम घुमवून नुसतं परत येणं हाच शहाणपणा असतो. पण आपल्याकडच्या मैदानात, चारी बाजूंनी माणसं खेटून बसलेली असताना, मंडपाच्या खांबांवर पोरं चढलेली असताना ते करून दाखवा. "अगं जा ना आत!" असा ओरडा होतो. घरचेच लोक ओरडतात. ज्या मुलीला हा ओरडा ऐकू येत नाही तिला मी निर्णायक क्षणी जपून ठेवते.

७. पाच-पाच चढायांची यादी हा माझ्यासाठी या खेळातला सर्वांत अवघड कागद आहे. बाद फेरीत पूर्ण वेळ संपूनही बरोबरी राहिली की दोन्ही संघांना पाच-पाच चढाया मिळतात. पाच वेगवेगळ्या मुलींनी आळीपाळीने जायचं, आणि त्यांची नावं, बिल्ला क्रमांकासह, क्रमाने आधीच लिहून सरपंचांकडे द्यायची. या वेळी सातही जणी मैदानात असतात. कुणी बाद होऊन बाहेर जात नाही, फक्त गुण मोजले जातात. निदानरेषाच बोनस रेषाही होते. म्हणजे एरवी मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर असलेला बोनस एकदम मीटरभर जवळ येतो, आणि समोर सात जणी असल्याने तो प्रत्येक चढाईत खुला असतो. हे पुरुषांच्या मैदानाचं माप झालं. मुलींचं मैदान लहान, पण मेख तीच.

यामुळे निवडीचा सगळा हिशेब उलटा होतो. दोन-तीन जणींच्या बचावात घुसून गुण काढणारी धडाकेबाज मुलगी इथे तेवढी उपयोगाची नाही. सात जणींची साखळी पूर्ण उभी असताना जिला लांब पाय टाकून रेषा गाठता येते आणि त्याच झटक्यात मागे येता येतं, ती इथे सोन्याची. एरवी दुसऱ्या फळीतल्या मुली या यादीत वर येतात. हे त्या मुलींनाही चकित करतं.

क्रमाबद्दल माझं मत बहुतेक प्रशिक्षकांपेक्षा वेगळं आहे. सर्वांत चांगलीला पाचवी ठेवायची पद्धत आहे. शेवट गोड व्हावा म्हणून. मला ते पटत नाही. फुटबॉलमध्ये २०१२च्या युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पोर्तुगालने रोनाल्डोला पेनल्टीसाठी पाचवा ठेवला होता. स्पेनने त्याआधीच सामना जिंकला आणि त्याची पाळीच आली नाही. कबड्डीत एका चढाईत दोन-तीन गुण येऊ शकतात, म्हणून पाचवीची आशा सहसा संपत नाही, हे खरं. पण पहिल्या दोन चढायांत पिछाडीवर पडलो की उरलेल्या तिघी घाबरून बोनसच्या मागे लागतात आणि अडकतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. माझी सर्वांत शांत मुलगी पहिली जाते, सर्वांत चांगली तिसरी. पाचवी ती, जिला बरोबरीत रिकामं परत येणंही जमतं.

पण या कागदाने मला शिकवलं ते क्रमाबद्दलचं नाही. यादीत पाच नावं येतात आणि मैदानात सात जणी असतात. दोन नावं राहतात. एकदा मुलुंडमध्ये एका सामन्यात मी यादी लिहून दिली आणि डोकं वर केलं, तर वगळलेल्या दोघी, डावा कोपरा आणि उजवा कव्हर, एकमेकींकडे बघत होत्या. रुसवा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मला बोलायला वेळ नव्हता, शिट्टी झाली होती. आमच्या पाच चढायांत आम्हाला फार काही मिळालं नाही, दोन बोनस आले, एक मुलगी पकडली गेली. सामना जिंकून दिला तो त्या दोघींनी. समोरच्या पाच चढायांपैकी तीन त्यांनीच अडवल्या, दोन वेळा डाव्या कोपऱ्याने घोटा धरून ठेवला आणि उजवा कव्हर वरून आला. शेवटच्या चढाईवर सगळ्यांचा जीव असतो, पण तेवढ्याच चढाया समोरूनही येतात, आणि त्या प्रत्येक वेळी यादीत नसलेल्या दोघी मैदानातच असतात. आता यादी वाचून दाखवताना मी पाच नावांनंतर थांबत नाही. उरलेल्या दोघींची नावंही घेते, आणि कोणत्या चढाईला त्यांनी कुणाला धरायचं ते सांगते.

पाच-पाच चढायांनंतरही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई. नाणेफेक जिंकणाऱ्याला पहिली संधी. त्यावर मला फार बोलता येणार नाही, तिथे नाण्याचाही हात असतो.

८. मोठ्या पटावरचा खेळाडूही शेवटच्या चढाईत नियमांच्या कचाट्यात सापडू शकतो. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझौ, आशियाई क्रीडा स्पर्धेची पुरुषांची अंतिम लढत. भारत आणि इराण २८-२८, मिनिटभराचा खेळ शिल्लक. पवन सेहरावत आत गेला. त्याला कुणी का पाठवलं, हा प्रश्नच नव्हता, तो कर्णधार होता आणि तोच जाणार होता. कुणालाही स्पर्श न होता तो कडेच्या पट्ट्यात, लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही. मग गुण कुणाचे, यावर वाद पेटला. निर्णय बदलत राहिले, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, खेळ बराच वेळ थांबला. शेवटी भारताने ३३-२९ असा सामना जिंकला. आम्ही सगळ्या मैदानाजवळच्या एका घरी टीव्हीसमोर होतो. मुली वादावर तावातावाने बोलत होत्या. माझं लक्ष मात्र खेळाडूंकडे होतं. इतका वेळ अंग थंड पडू द्यायचं, डोकं तापू द्यायचं नाही, आणि मग पुन्हा उठून उरलेला खेळ खेळायचा. शेवटच्या चढाईनंतर पुन्हा एक शेवटची चढाई असते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

त्याच दिवशी भारताच्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं, एका गुणाने हरवून सुवर्ण मिळवलं. साखळी फेरीत याच दोन संघांची ३४-३४ अशी बरोबरी झाली होती. बरोबरीत सुटलेल्या त्या सामन्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. मला वाटतं, अंतिम सामन्यातला तो एक गुण तिथे शोधायला हवा. ज्या संघाशी आपण बरोबरीत राहिलो त्याच्या चढायांची चाल तेव्हाच हाताला लागलेली असते.

९. शेवटची चढाई मिळणं ही उपनगरातल्या मुलींसाठी केवळ खेळाची गोष्ट नाही. घाटकोपर-विक्रोळी-भांडुप पट्ट्यातल्या मैदानांवर बाजूला खुर्च्या टाकून कोण बसलंय हे मुली आधी बघतात. जिल्हा संघाची निवड करणारे असतात, कधी व्यावसायिक संघांची माणसं असतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पोलीस, रेल्वे, बँका यांच्या संघांतून घरं उभी राहिली आहेत. ज्या मुलीने बरोबरीत गुण आणला, तिचं नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येतं. कोपऱ्यात उभी राहून चार पकडी करणारीचं येईलच असं नाही. मग आई मैदानावर येऊन विचारते, "ताई, माझ्या मुलीला शेवटी का नाही पाठवत?" या प्रश्नाला संघाचं हित एवढंच उत्तर पुरत नाही, कारण त्या घरात त्या एका चढाईची किंमत आमच्या चषकापेक्षा जास्त असते. मी त्या आईला प्रामाणिकपणे सांगते की निकालाच्या क्षणी मी संघाचं बघते, आणि साखळी सामन्यांत, जिथे हार परवडते, तिथे प्रत्येक मुलीला एकदा तरी शेवटची चढाई मिळेल असं बघते. काहींना हे पटतं. काही मुलीचं मंडळ बदलतात. त्यांचं मला वाईट वाटतं, पण राग येत नाही.

१०. हळूहळू कोण जाणार हा निर्णय माझा राहिला नाही, आणि ते मला फार आवडलं. १५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, कबड्डी दिनानिमित्त आम्ही जुन्या खेळाडू भेटतो. तिथे माझ्याहून वडील असलेल्या एका बाईंशी बोलत होते. त्यांच्या काळी बाहेरून सूचना आल्या तरी मैदानात कर्णधाराचाच शब्द चालायचा. त्यांनी मला विचारलं, "तुझ्या मुली तुझ्याकडे बघतात की एकमेकींकडे?" मी सामन्यांत लक्ष ठेवायला लागले. त्या माझ्याकडे बघत होत्या. प्रत्येक चढाईआधी मान वळायची. समोरच्या संघाला त्या वळलेल्या मानेतूनच कळत असणार की आता काहीतरी ठरतंय.

तेव्हापासून मी शेवटच्या पाच मिनिटांत बाकावरून उठत नाही, कोण जाणार ते कर्णधार ठरवते. कर्णधार मुख्य चढाईपटू असली तर ती स्वतःलाच पाठवेल, ही भीती होती. झालं उलटं. मुली स्वतःबद्दल जितक्या साशंक असतात, तितक्याच एकमेकींबद्दल खात्रीच्या असतात. कोणाचा दम आज पुरतोय, कोणाच्या पोटात दुखतंय, मॅटवर कोणाचा बूट सरकतोय, हे मला बाकावरून दिसत नाही, त्यांना दिसतं. मातीवर वाढलेल्या मुलींना जिल्ह्याच्या स्पर्धेत मॅटवर उभं केलं की काहींचा पायावरचा विश्वासच जातो. कोणाचा गेलाय, ते शेजारी साखळीत हात धरून उभ्या असलेल्या मुलीला त्या हाताच्या पकडीवरून कळतं.

रविवारी पंतनगरच्या एका संघाशी मैत्रीपूर्ण सामना ठरला आहे. भाचाही येणार आहे, त्याला सुवर्ण चढाई प्रत्यक्ष बघायची आहे. मी दोन्ही कर्णधारांशी बोलून ठेवलंय: गुण काहीही असोत, शेवटचे साठ सेकंद उरले की फलक बरोबरीवर आणायचा आणि तिथून पुढे खेळायचं. आमच्याकडून कोण जाणार ते माझी कर्णधार ठरवेल. तिने आठ नंबरच्या मुलीचं नाव घेतलं तर मला बरं वाटेल. तिचा मागचा पाय अजून निदानरेषेवर जड पडतो, आणि त्यावर काम करायला अजून तीन संध्याकाळी हातात आहेत.